शुक्रवार आणि दुप्पट खाशी

गेल्या शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखाच्या चौदा स्थानांपुढची प्रार्थना, अर्धा तास उशिरा सुरू झाली. फादर आजारी नव्हते, बर्फही पडलेलं नव्हतं. खाली हॉलमध्ये तळलेल्या माशांची रांग संपत नव्हती आणि रांगेतल्या माणसांना उपाशी वर कसं बोलवायचं, म्हणून फादरांनीच वेळ पुढे ढकलली. ऐन उपवासकाळात, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत! मी वर बाकावर पुस्तिका घेऊन बसलेली, सोबत चार म्हातारी माणसं, आणि तेलाचा वास जिना चढून थेट पहिल्या स्थानापर्यंत आलेला. तिथेच ठरवलं की यावर लिहायचं.

मी राहते ओहायोतल्या सिनसिनाटीच्या बाहेर. इथल्या कॅथलिक वस्तीत राखेच्या बुधवारनंतर, म्हणजे उपवासकाळ लागल्यावर, पहिला शुक्रवार उजाडला की 'फिश फ्राय' सुरू होतो, तो जवळजवळ ईस्टरपर्यंत. कुठल्या चर्चचा मासा कुरकुरीत, कुठे पार्किंग मिळतं, कुठे गाडीतून न उतरता ताट मिळतं, याच्या याद्या वर्तमानपत्रात छापून येतात. फिश फ्राय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रवा लावलेलं पापलेट आलं असेल, तर ते आधी बाजूला ठेवा. इथला मासा म्हणजे कॉड. पांढरा, सालस, स्वतःचं मत नसलेला. बिअर घातलेल्या पिठात बुडवून तळतात. त्याच्याबरोबर बटाट्याच्या फ्राईज, कोबीचं गोडसर कोलस्लॉ, चीजमध्ये पोहणारी मॅकरोनी, ब्रेडची एक काप आणि औषधाच्या टोपणाएवढ्या वाटीत टार्टर सॉस. हे सगळं शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली, कागद अंथरलेल्या लांबलचक टेबलांवर. कोपऱ्यात बिअरचा काउंटर. दुसऱ्या कोपऱ्यात आज्यांनी घरून करून आणलेले केक. मधून आठवीची मुलं उष्टे ट्रे उचलत फिरतात आणि कुणीतरी सोडतीची तिकिटं विकत असतं. जमलेल्या पैशातले अर्धे जिंकणाऱ्याला, अर्धे चर्चला.

याला इथे मांसत्याग म्हणतात. एकादशी आणि दुप्पट खाशी!

नियमाच्या दृष्टीने यात काही चुकत नाही, आणि तेच मला जास्त लागतं. चौदा वर्षांपुढच्या प्रत्येकाने राखेचा बुधवार, गुड फ्रायडे आणि उपवासकाळातले सगळे शुक्रवार मांस टाळायचं. मासा मांसात धरत नाहीत. अठरा ते एकोणसाठ वयाच्यांनी बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपासही करायचा, म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोन छोटी खाणी, पण ती दोन्ही मिळून एका जेवणाएवढी भरता कामा नयेत. (हा हिशोब बसवताना माझ्या नवऱ्यातला अकाउंटंट जागा होतो.) १९६६पर्यंत वर्षभरातला प्रत्येक शुक्रवार बिनमांसाचा असायचा. त्या वर्षी पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले आणि अमेरिकन बिशपांनी ही सक्ती फक्त उपवासकाळातल्या शुक्रवारांपुरती ठेवली.

त्या जुन्या कडक नियमाची एक वस्तू तुम्ही अंधेरीच्या मॉलमध्येही खाल्ली असेल. लू ग्रोएन नावाच्या माणसाचं सिनसिनाटीच्या कॅथलिक वस्तीत मॅकडोनाल्ड्सचं दुकान होतं आणि शुक्रवारी तिथे माश्या मारायची वेळ यायची, कारण बर्गर खाणार कोण? १९६२मध्ये त्याने माशाचं सँडविच काढलं. मालक रे क्रॉक यांना ते पटेना. त्यांनी स्वतःचा 'हुला बर्गर' पुढे केला. त्यात पावामध्ये मांसाऐवजी अननसाची चकती! एका शुक्रवारी दोन्ही विकायला ठेवले. अननसाचे सहा गेले आणि माशाचे साडेतीनशे, असं सांगतात. तोच पुढे जगभर गेलेला फिले-ओ-फिश. चर्चच्या एका नियमातून कंपनीचा गल्ला असा भरला. आपल्याकडे साबुदाण्याचं तेच झालंय म्हणा.

आणि मासा म्हणजे नक्की काय, यावरही इथे मोठा ऊहापोह आहे. २०१०मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांनी एका भाविकाला लेखी कळवलं की मगर माशांतच धरायची, शुक्रवारी चालेल. डेट्रॉईटच्या दक्षिणेला नदीकाठी मस्करॅट नावाचा पाणउंदीर शुक्रवारी खायची जुनी मुभा आहे. २०२३मध्ये सेंट पॅट्रिकचा, म्हणजे आयरिश लोकांचा मोठा सण शुक्रवारी आला, तर कित्येक धर्मप्रांतांनी गोमांस खायला एक दिवसाची सूट दिली. बदल्यात दुसरं काहीतरी प्रायश्चित्त करा, म्हणाले. मी हे फोनवर आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मगर?"

तिचं चुकत नाही. आमच्या वसईत मासळी सोडणं हाच त्याग. मटण काय, रविवारचं. रोजचा जीव मासळीत असतो. राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी आजी सुकटीचा आणि बोंबलांचा डबा रिकामा करायची, घासून उन्हात पालथा घालायची. मग पुनरुत्थानाच्या सणापर्यंत घरात मांस नाही, मासळी नाही, बाबांच्या संध्याकाळच्या घोटालाही सुट्टी. लग्नं सगळी जानेवारी-फेब्रुवारीत उरकलेली, बँड गप्प. दर शुक्रवारी क्रूसाची वाट, गुडघे टेकून, आणि शेवटच्या आठवड्यात पापनिवेदनाची रांग चर्चच्या अंगणापर्यंत. अशा घरातून आलेल्या मुलीला कुणी कॉडचे दोन हातभर तुकडे आणि बिअर दाखवून 'ये, उपास कर' म्हणालं, तर तिने काय समजावं?

पण मी ते खाते. हे सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कुणीतरी फोटो बघून सांगेलच. इथल्या बिशपांनी मुभा दिली आहे, मी इथल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) नाव नोंदवलं आहे, तेव्हा नियम मला इथला लागू. आईचं म्हणणं, "आमच्या बिशपांनी नाही सांगितलं हो." बरं, आता वसईचंही पुरतं सांगते. मासळी बंद झाली की पनीरला काय भाव येतो, ते मला माहीत आहे. उपवासकाळातल्या कुठल्याही बारशाला जा, पनीर टिक्का, मंचुरियन, गुलाबजाम आणि वर आईस्क्रीम. मांस नाही म्हणजे उपास झाला! त्यापेक्षा चर्चच्या तळघरात कागदी ताटातला बेचव कॉड अधिक प्रायश्चित्ताचा नाही का? 'तिकडे थोडा मसाला शिकव त्यांना, हळद-तिखट लावून दाखव' असा सल्ला मला दर वर्षी मावशीकडून येतो. मी शिकवणार नाही. तो मासा चविष्ट झाला तर माझा उरलासुरला उपासही जाईल.

या प्रकरणाची दुसरी बाजू मला तळघरातच कळली. तळणीवर उभे असतात ते सगळे निवृत्त पुरुष. बाहेर पार्किंगमध्ये तंबू ठोकून, थंडीत, एप्रनखाली जाड जाकीट घालून. त्यातला एक बायको गेल्यापासून दर शुक्रवारी दुपारी दोनलाच येतो, तेल तापायच्या कितीतरी आधी. हातात चिमटा, कानावर पेन्सिल, आणि प्रत्येक खेपेचा पहिला तुकडा मोडून आत पाहतो, मग मान हलवतो. हॉलमधली पहिली ताटं रांगेतल्यांना मिळत नाहीत. ती फॉइलमध्ये गुंडाळून, वर मार्करने घर नंबर लिहून, बाहेर पडू न शकणाऱ्यांकडे जातात. आम्ही नवीन होतो तेव्हा लेक तापाने फणफणलेला, नवरा दौऱ्यावर, आणि संध्याकाळी दारात दोन ताटं घेऊन एक अनोळखी बाई उभी. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मी दिसले नाही, एवढ्यावरून तिने चौकशी केली होती. वसईत हे शेजार करतो, त्याचं कौतुक कुणी करत नाही. इथे शेजारच्या घरात कोण राहतं हे ठाऊक नसतं, आणि तरी ते ताट आलं.

शिवाय इथल्या चर्चची परिस्थिती तुम्हाला वसईत बसून कळायची नाही. आपल्याकडे गावागावातून फादर आणि सिस्टर निघाल्या. इथे धर्मगुरूच पुरत नाहीत. २०२२पासून सिनसिनाटीच्या आर्चडायोसिसने, म्हणजे इथल्या आर्चबिशपांच्या धर्मप्रांताने, दोनशेहून जास्त धर्मग्रामं ५७ गटांत बांधायला घेतली. एका फादरांकडे तीन-चार चर्चेस, रविवारी मिस्सा उरकून गाडीत बसायचं आणि पुढच्या चर्चला धावायचं. कुठली इमारत राहणार, कुठली विकणार, याच्या बैठका चालू असतात आणि त्या बैठकांतून माणसं डोळे पुसत बाहेर पडतात. पणजोबांनी विटा वाहिलेल्या असतात. अशा वेळी शुक्रवारी जिम भरते, लुथरन म्हणजे प्रॉटेस्टंट शेजारी येतात, कुठलाच धर्म न मानणारे येतात, आणि जमलेल्या पैशांत छपराची गळती निघते. त्या दिवशी अर्ध्या तासाने क्रूसाची वाट सुरू झाली तेव्हा रांगेतली बरीच माणसं खरंच वर आली. तोंड पुसत, तेलाचा वास अंगावर घेऊन. बाराव्या स्थानाला, येशूच्या मरणाच्या, सगळे गुडघ्यावर होते. माझ्यापुढच्या बाकावर एका पोराच्या हनुवटीला टार्टर सॉस लागलेला, आणि त्याचा आवाज सगळ्यांच्या वर.

इथलं एक मात्र मला अजून पचत नाही. 'तू काय सोडतेयस?' हा प्रश्न. चॉकलेट, सोडा, इन्स्टाग्राम, लिफ्टमध्येसुद्धा जाहीर चर्चा. राखेच्या बुधवारी शुभवर्तमान वाचतात ते मत्तयचं, उपास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दिसू देऊ नकोस. आणि ते ऐकून लगेच आपण सगळे कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतो नि दिवसभर मिरवतो. हे आपल्याकडेही आहेच. फक्त चर्चगेट लोकलमध्ये तो क्रूस दिवसअखेर फिसकटला की बाजूचा माणूस महादेवाला जाऊन आलीस का विचारायचा, महाशिवरात्रीचेच दिवस असायचे. मी हो म्हणायचे. लपवलेला उपास त्या गर्दीत सोपा होता. इथे क्रूस ओळखला जातो, मग आपलं वागणंही लोक त्याच्याशी ताडून बघतात. त्या दिवशी ऑफिसात मी कुणावर ओरडत नाही. देवापेक्षा लोकांना घाबरून, पण नाही ओरडत.

लेक शाळेतून पुठ्ठ्याची घडीची पेटी आणतो, 'राईस बोल'. १९७५मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला सुरू झालेली प्रथा. शुक्रवारी साधं जेवायचं आणि वाचलेले पैसे त्यात टाकायचे. त्यातला चौथा हिस्सा इथल्याच गरजूंना, बाकी जगभर. पेटीवर दूरदूरच्या देशांतल्या मुलांचे फोटो असतात. दर वर्षी मी आधी चोरून बघून घेते, त्यात आपला देश आहे का. नसला की हायसं वाटतं. का वाटावं, हे मला सांगता येत नाही. भूक आपल्याकडे नाही असं थोडंच आहे? कारितास इंडियाही उपवासकाळात भुकेविरुद्ध मोहीम काढते, त्या पाकिटात मीही शाळकरी वयात नाणी टाकली आहेत. पण स्वतःच्या पाकिटात टाकणं वेगळं आणि दुसऱ्याच्या पेटीवर छापलं जाणं वेगळं.

'भारतात ख्रिस्ती असतात?' असं विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक ठेवणीतलं उत्तर आहे. भारतात गुड फ्रायडेला केंद्र सरकारची सुट्टी असते. शाळा बंद, बँका बंद, कचेऱ्या बंद, आणि सुट्टी घेणारे बहुतेक लोक ख्रिस्ती नसतात. ज्या देशाच्या नोटेवर देवावर विश्वास छापलेला आहे, त्या देशात ही राष्ट्रीय सुट्टी नाही. शेअर बाजार तेवढा बंद असतो. गेल्या वर्षी माझी त्या दिवशी दुपारी तीनला मीटिंग होती, बरोबर तीनला, येशूने प्राण सोडला त्या वेळेला, आणि विषय होता प्रिंटरचं कंत्राट. हे मी दरवेळी जरा जास्तच चढ्या आवाजात सांगते.

यंदा रजा टाकली आहे. इथे माउंट ॲडम्स टेकडीवर, ओहायो नदीच्या वर, एक चर्च आहे. समुद्रात वादळात सापडलेल्या आर्चबिशप पर्सेल यांनी नवस केला आणि वाचल्यावर १८५९च्या सुमारास ते बांधायला घेतलं. तेव्हापासून गुड फ्रायडेला लोक त्याच्या पायऱ्या चढतात, एकेका पायरीवर थांबून एकेक प्रार्थना. मध्यरात्रीच सुरुवात होते. म्हातारे कठड्याला धरून, तरुण पोरं हुडी घालून, मागच्याने पुढच्याला घाई करायची नाही. वसईत हजारोंच्या मिरवणुकीत चालणाऱ्या मला ही संथ रांग फार आवडते. मी 'नमो मरिया' मराठीतच म्हणते. इंग्रजीत म्हटलं तर शब्द फार लवकर संपतात आणि पायरीवर नुसतं उभं राहावं लागतं.

त्या दिवशी फिश फ्राय नाही, इथेही नाही, हे त्यांचं मी मान्य करते. घरी आल्यावर आमच्याकडे पेज आणि लिंबाचं लोणचं. लेकाने विचारलंय, त्याच्या वाटणीच्या पेजेत चीज घातलं तर चालेल का. नियमात बसतं म्हणे. केरळी दुकानातून उकडा तांदूळ आणून ठेवला आहे, चीज मी फ्रीजच्या मागच्या कप्प्यात ढकललंय.