गोल्फग्रीनवरचे सराटे

आमच्या सोसायटीत गोल्फ खेळणारा एकही माणूस नाही, पण गोल्फच्या मैदानावरून भांडायला सगळे तयार असतात. मैदान कसलं, एक पुटिंग ग्रीन आहे, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून होलात घालायची आखूड गवताची जागा. सोलापुरात विजापूर रोडवर शहर संपत आलं की निवृत्तांसाठी म्हणून बांधलेली ही वसाहत लागते. तिच्या माहितीपत्रकावर एक गोरे आजोबा पांढरी टोपी घालून चेंडू ढकलत होते. ते काही राहायला आले नाहीत. आलो आम्ही. कुणी रेल्वेतून निवृत्त, कुणी बँकेतून, कुणी जिल्हा परिषदेतून, आणि माझ्यासारखे चार-दोन मास्तर. आल्यावर कळलं की दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये या ग्रीनचाही वाटा आहे. तेव्हापासून आम्ही गोल्फचे जाणकार झालो.

ग्रीन म्हणायचं तेही सवयीनं. आमच्याकडे खरा पाऊस पडतो तो भाद्रपदात. तेव्हा महिनाभर तिथं हिरवळ दिसते, दिवाळीनंतर ती पिवळी पडते आणि होळीपर्यंत माती वर येते. तीन होल आहेत. गोल्फचा होल सव्वाचार इंच व्यासाचा असावा, असा नियम सेंट अँड्र्यूजच्या क्लबानं १८९१ साली केला आणि जगभर तेच माप चालतं. आमच्या एका होलात मुंग्यांनी घर केलंय, दुसऱ्यात झेंड्याची मोडलेली काठी अडकून बसलीय, आणि तिसरा मे महिन्यात नातवंडं आली की दरवर्षी थोडा मोठा होतो. खऱ्या मैदानावर होलची जागा सारखी बदलतात, वर्दळ असेल तर रोज बदलतात, म्हणजे एकाच ठिकाणी पाय पडून गवत मरत नाही. आमचे होल बिल्डरनं केले तिथेच आहेत. अर्थात आमच्याकडे गवत मरायला पायांची गरज लागलेली नाही.

या विषयावर सर्वांत जास्त कागद रेल्वेतल्या अण्णांनी खर्ची घातलाय. अण्णांची नोकरी कुर्डुवाडी, वाडी, दौंड अशी सगळ्या डिव्हिजनभर झाली, आणि प्रत्येक तक्रारीला जावक क्रमांक टाकायची सवय अजून सुटलेली नाही. ‘संदर्भ : माझे दि. अमुकचे पत्र’ अशी सुरुवात करून ते गवताची उंची, पाण्याच्या वेळा आणि माळ्याची हजेरी यांवर लिहितात. चेअरमन बँकेतले, त्यामुळे तेही पोच देतात. मला आधी या पत्रव्यवहाराचं हसू यायचं. आता वाटतं, दोघांचंही सकाळी अकराचं काम त्या गवतानं सांभाळलंय. गवत उद्या छान आलं तर अण्णांनी करायचं काय?

मी वनस्पतिशास्त्र शिकवायची, म्हणून गवताबद्दल मला विचारलं जातं आणि मग माझं ऐकलं जात नाही. बिल्डरनं जे लॉन आणलं होतं ते ट्रकमधून गुंडाळ्या करून आलं होतं. मऊ होतं, फोटोत चांगलं दिसायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात, पारा बेचाळीसवर गेला तेव्हा ते गेलं. त्याच्या जागी कुणीही न लावता, कुणीही पाणी न घालता एक गवत आपणहून पसरलं. ती आपली हरळी, सायनोडॉन डॅक्टिलॉन. आता गंमत अशी की उष्ण देशांतल्या गोल्फच्या मैदानांवर ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून मिरवतं ते हेच, किंवा याचेच संकर. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टन इथं शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून त्याच्या खास जाती काढल्या, तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलं तरी तग धरतील अशा. ज्या गवतासाठी तिकडे एवढा खटाटोप, ते आमच्या अंगणात फुकट आलं.

आणि आम्ही ते माणूस लावून उपटतो.

उपटतात ते माळीमामा. ते मंगळवेढ्याकडचे, कोरडवाहू ज्वारीच्या रानातले. काळ्या रानात हरळी माजली की काय होतं ते त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. त्यांचे वडील उन्हाळ्यात कुदळ घेऊन एकेक बेट खणायचे, मुळ्या वेचून बांधावर जाळायचे, आणि एखादा तुकडा मातीत राहिला की पहिल्या पावसात हरळी पुन्हा हजर व्हायची. असा माणूस हरळी दिसल्यावर तिला पाणी घालेल ही अपेक्षाच चूक. मी एकदा सांगून पाहिलं, “मामा, ही राहू द्या, हेच गोल्फचं गवत.” त्यांनी खुरपं थांबवलं नाही. म्हणाले, “बाई, तुमी शिकलेल्या हाव, पण हरळी ती हरळीच की. आज ठिवली तर उद्या फरशीतनं वर यील. अन् त्या मेल्या लॉनला पाणी घाल म्हनत्यात चेअरमन. चार दिवसांनी पाणी येऊलालंय, मानसांना पुरंना, गवताला कुटलं घालू?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उजनीचं पाणी नळाला किती दिवसांनी येईल यावर ज्या शहरात पाहुण्यांच्या तारखा ठरतात, तिथं लॉन हिरवं ठेवा असा ठराव आम्ही दरवर्षी एकमतानं करतो.

मी सभेतही हरळीची बाजू मांडली. पण तिथं निराळाच आक्षेप निघाला. समोरच्या विंगेतल्या काकू म्हणाल्या, “म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांवर बूट घालून नाचायचं?” सभा क्षणात त्यांच्या बाजूनं गेली. त्याच काकू चतुर्थीला पहाटे माळीमामांच्या आधी ग्रीनवर जाऊन एकवीस दूर्वांची जुडी खुडून आणतात, ही गोष्ट मी इतिवृत्तात येऊ दिली नाही.

खरं सांगायचं तर दोष गवताचाही नाही, माळ्याचाही नाही. चांगली ग्रीन मातीवर नसतेच. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९६० साली ग्रीन बांधायची रीत छापली. तळाला पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, त्यावर चार इंच खडी, त्यावर फूटभर वाळूचं मिश्रण आणि मग गवत. आमच्याकडे थेट काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात उलते, आणि एप्रिलात पडलेल्या भेगांत गोल्फचा चेंडू सहज जाईल. म्हणजे होल तीनच आहेत ही तक्रार तेवढी उन्हाळ्यापुरती मिटते.

माहितीपत्रकावरच्या त्या आजोबांचं मूळ गावही मला पुढे कळलं. १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब नावाच्या बांधकाम व्यावसायिकानं अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात निवृत्तांसाठी ‘सन सिटी’ उघडली. घरं, दुकानं, करमणुकीचं केंद्र आणि गोल्फचं मैदान. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत लाखभर माणसं बघायला लोटली असं सांगतात. म्हातारपण म्हणजे उन्हात गोल्फ, हे चित्र तिथून जगभर गेलं आणि शेवटी विजापूर रोडला पोचलं. त्या भागात पाऊस वर्षाला जेमतेम सात-आठ इंच. आपल्या सोलापुरात त्याच्या अडीच-तीनपट तरी पडतो. तरी तिकडे हिरवं, कारण पाणी शेकडो मैलांवरून, थेट कोलोरॅडो नदीतून आणतात, सांडपाणी शुद्ध करून वापरतात, आणि थंडीत हरळी वाळली की तिच्यावर राय गवताचं बी पेरतात. पण तिथंही सगळं आलबेल नाही. २००६पासून अमेरिकेत नव्यानं उघडणाऱ्या मैदानांपेक्षा बंद पडणारी जास्त झाली. आणि अशा वसाहतींमधलं भांडण कशावरून, तर खेळणाऱ्या थोड्यांच्या मैदानाचा खर्च न खेळणाऱ्यांनी का द्यावा. हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्यात निदान तो भेदभाव नाही. न खेळणाऱ्यांच्या मैदानाचा खर्च न खेळणारेच देतात.

तसं ग्रीन अगदीच बिनकामाचं नाही. चैत्र-वैशाखात, सपाट आणि कडक वाळलेली जागा म्हणून, तिथं कुरडया-पापडांचं वाळवण पडतं. खाली जुन्या सोलापुरी चादरी, वर धुतलेली लुगडी, आणि कावळे हाकायला बाकावर बसलेले निवृत्त अधिकारी. पावसानंतर मात्र तिथं माझा वर्ग भरतो. दुधी, केना, माका, एकदांडी, लव्हाळा, सगळं एका गुंठ्यात हाताशी सापडतं. कॉलेजात असताना एवढ्यासाठी मुलांना एसटीनं न्यावं लागायचं. फक्त सराटा नको, त्याचे काटे थेट तळपायात घुसतात. काही मंडळींना कुणीतरी सांगितलंय की दवावर अनवाणी चाललं की चष्म्याचा नंबर उतरतो. नंबर कुणाचा उतरला नाही, पण पहाटे ग्रीनच्या दिशेनं “आई गं” ऐकू आलं की घड्याळ न बघता सहा वाजले हे कळतं.

गेल्या सभेत मी शेवटचा प्रयत्न केला. दक्षिण ऑस्ट्रेलियात कूबर पीडी नावाचं ओपलच्या खाणींचं गाव आहे. तिथल्या गोल्फच्या मैदानावर गवताची काडी नाही. ग्रीनवर तेल मारलेली वाळू असते, आणि खेळणारा कृत्रिम हिरवळीचा एक तुकडा बरोबर घेऊन फिरतो, त्यावर चेंडू ठेवून टोला मारतो. मी म्हटलं, आपणही गवताचा नाद सोडू, वाळू टाकू. पाणी वाचेल, सराटा जाईल.

चेअरमननी वाळूचा ब्रासचा भाव विचारला. तो ऐकून सगळे गप्प झाले. काकूंनी विचारलं, तेल मारल्यावर वाळवण कुठं घालायचं. अण्णांनी विचारलं की मैदान हिरवं नसेल तर कागदोपत्री ‘ग्रीन’ कसं लिहायचं. एकानं तर हळूच सांगितलं, मैदान कसंही असू द्या, गेटवरच्या पाटीवरचं ‘गोल्फ’ काढू नका, मुलाला पुढे फ्लॅट विकायचाय.

विषय सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतरच्या सभेवर ढकललाय. तोवर माळीमामांना सांगितलंय की बाकी काही काढू नका, सराटा तेवढा काढा. मामा हो म्हणाले आणि हरळी खणायला गेले.