२०२१ मधले काय आठवते?

रविवार, रात्र

आज दुपारी स्वतःच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. कोऱ्या कागदावर २०२१ असे लिहिले आणि त्या वर्षी जगात घडलेल्या ज्या बातम्या आठवतील त्या फोन किंवा जुने अंक न चाळता उतरवून काढायच्या, असा नियम ठरवला. नुकतेच सरलेले वर्ष मुद्दामच घेतले नाही. डिसेंबर संपत आला की सगळीकडे सरत्या वर्षाचे आढावे येतात आणि त्यानंतर काही महिने आपल्याला वर्ष आठवत नसते, तो आढावाच आठवत असतो. आढाव्याचा आधार सुटल्यावर मनात काय शिल्लक राहते, हे मला पाहायचे होते.

सर्वांत आधी कागदावर आले ते सुएझ कालव्यात अडकलेले ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज. ४०० मीटर लांबीचे ते मालवाहू जहाज सोसाट्याच्या वाऱ्यात तिरके होऊन दोन्ही काठांच्या मध्ये रुतले होते. त्याच्या नाकाडाशी माती उपसणारे एक एकटे यंत्र खेळण्याएवढे दिसत होते. मागे तीनशेहून अधिक जहाजांची रांग लागली होती आणि जहाजावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते. हे सगळे न अडखळता लिहिता आले. त्यापाठोपाठ चीनच्या युन्नान प्रांतात जंगल सोडून निघालेला हत्तींचा कळप आला, मंगळावर उडालेले छोटे हेलिकॉप्टर आले, टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक वाटून घेणारे दोन खेळाडू आले, आणि संग्रहालयाकडून पैसे घेऊन कोरे कॅनव्हास पाठवणारा डेन्मार्कचा एक कलावंत आला. अमेरिकेच्या संसदभवनावरचा हल्ला, काबूलचा पाडाव, लसीकरण, ग्लासगोची हवामान परिषद ही मोठी नावे मात्र पुष्कळ नंतर आली.

या क्रमाने मी अस्वस्थ झाले. ज्या घटनांनी लाखो माणसांचे आयुष्य बदलले त्या मागे आणि जहाज, हत्ती पुढे, हे योग्य नव्हे असे वाटत राहिले. पण स्मरणाचा अभ्यास करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन संशोधक स्त्रीने १९३३ मध्येच दाखवून दिले होते की एकसारख्या गोष्टींच्या मालिकेत एखादी वेगळी गोष्ट ठेवली तर तीच अधिक चांगली लक्षात राहते. ती महत्त्वाची असण्याची गरज नसते, शेजाऱ्यांपेक्षा निराळी असली म्हणजे पुरते. २०२१ मध्ये रोजच्या बातम्यांचा शेजार कसा होता हे आठवले तर हत्तींचे वेगळेपण सहज समजते.

महासाथीच्या बातम्यांचे काय होते ते याहून बोलके आहे. त्या वर्षी मी दररोज आकडे वाचत होते, पण आज त्यांतला एकही विशिष्ट दिवस वेगळा काढता येत नाही. सगळे दिवस मिळून एकच काळ झाला आहे. मॅरिगोल्ड लिंटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ पासून सहा वर्षे रोज किमान दोन घटना कार्डांवर टिपून ठेवल्या आणि दर महिन्याला त्यांतली काही कार्डे काढून त्या स्वतःची परीक्षा घेत राहिल्या. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा घडू लागली की तिच्याविषयीचे सर्वसाधारण ज्ञान वाढते आणि एकेक प्रसंग मात्र परस्परांत मिसळून जातो, हे त्यांना आढळले. महासाथीविषयी मला आज पुष्कळ कळते आणि तिच्यातले फार थोडे आठवते, त्याचे कारण हेच असावे. या विस्मरणाबद्दल मी स्वतःला दोष देणार नाही, पण ज्यांच्या घरातले माणूस त्यांतल्याच एका दिवशी गेले त्यांना तो दिवस वेगळा आठवतो, हे विसरून चालणार नाही.

यादी झाल्यावर प्रत्येक बातमीपुढे महिना लिहू लागले, आणि येथे परीक्षा खरोखर कठीण झाली. काय घडले, कोणाच्या बाबतीत घडले, कोठे घडले हे बहुतेक ठिकाणी लिहिता आले. केव्हा, हा रकाना बराचसा रिकामा राहिला. विलेम वागेनार या डच मानसशास्त्रज्ञांनी सहा वर्षांत स्वतःच्या आयुष्यातल्या सुमारे २४०० घटना नोंदवून नंतर याच चार प्रश्नांच्या आधारे त्या आठवून पाहिल्या आणि १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘काय’ हा धागा त्यांना सर्वांत उपयोगी पडला आणि ‘केव्हा’ हा जवळजवळ निरुपयोगी ठरला. तारीख मनात टिकते ती बहुधा घटनेच्या नावातच शिरलेली असली तर. वॉशिंग्टनचा तो हल्ला ६ जानेवारी याच नावाने ओळखला जातो, म्हणून तो रकाना लगेच भरला. ऑलिंपिकच्या बाबतीत नेमके उलटे आहे, कारण स्पर्धेच्या नावात २०२० आहे आणि ती झाली २३ जुलै ते ८ ऑगस्ट २०२१ या काळात; येथे नाव स्मरणाला मदत करण्याऐवजी वर्षभर मागे ओढते. शिवाय नॉर्मन ब्राउन, लान्स रिप्स आणि स्टीव्हन शेव्हेल या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवले तसे, ज्या घटनेविषयी आपल्याला अधिक माहिती असते ती प्रत्यक्षाहून अलीकडे घडल्यासारखी वाटते. म्हणजे माहिती जमेल तितका काळाचा अंदाज सरकण्याचा संभव असतो.

डोळ्यांसमोर चित्र उभे राहते म्हणजे आठवण पक्की, असेही मानता येत नाही. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान निवासी इमारतींवर कोसळले. विमान इमारतीवर आदळतानाचे चित्रण कोणाकडेच नव्हते. तरीही पुढे वागेनार आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लोकांना विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी ते चित्रण दूरचित्रवाणीवर पाहिल्याचे सांगितले. ती माणसे खोटे बोलत नव्हती. वाचलेले, ऐकलेले आणि नंतरच्या दृश्यांत पाहिलेले जोडून मनाने स्वतःच एक चित्र तयार केले होते. हे ठाऊक असल्यामुळे मी यादीतल्या प्रत्येक दृश्यापुढे ते छायाचित्र होते, चलचित्र होते की केवळ वर्णन वाचले होते, असे लिहू लागले. काही ठिकाणी ठामपणे काहीच लिहिता आले नाही आणि तेथे प्रश्नचिन्ह तसेच राहू दिले.

सगळ्यांत मोठी पोकळी मात्र याहून वेगळ्या ठिकाणी निघाली. शेवटचा रकाना मी ‘पुढे काय झाले’ असा केला होता, आणि तो जवळपास कोराच राहिला. सुरुवाती सगळ्या येत होत्या, शेवट एकाही गोष्टीचा धड नव्हता. तेव्हा परीक्षा थांबवून संध्याकाळभर शेवट शोधत बसले.

जहाज २९ मार्चला, पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या मदतीने सुटले, एवढे मला ठाऊक होते आणि तेथेच माझ्या लेखी बातमी संपली होती. प्रत्यक्षात ते तेथून कालव्यातल्याच ग्रेट बिटर सरोवरात नेण्यात आले आणि नुकसानभरपाईच्या वादात जप्त होऊन ७ जुलैपर्यंत तेथेच उभे राहिले. कालवा प्राधिकरणाने आधी ९० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मागितली होती, ती नंतर ५५ कोटींवर आणली आणि शेवटी तडजोड झाली. जगाने सहा दिवस जे जहाज डोळे लावून पाहिले ते पुढे तीन महिन्यांहून अधिक काळ अडकून होते, आणि त्या काळातल्या खलाशांच्या दिवसांविषयी माझ्या स्मरणात एक ओळही नाही.

हत्तींच्या गोष्टीला तर वर्षाची चौकटही पुरत नाही. शीश्वांगबान्नाच्या जंगलातून ते २०२० मध्येच निघाले होते. जगाचे लक्ष गेले ते सुमारे ५०० किलोमीटर चालून कळप कुनमिंग शहराच्या वेशीपर्यंत आला तेव्हा. रानात एकमेकांना चिकटून आडवे झोपलेल्या त्या हत्तींचे वरून घेतलेले छायाचित्र कोणाला आठवत नाही? पण ८ ऑगस्ट २०२१ च्या रात्री त्यांनी युआनजियांग नदी पुन्हा ओलांडली आणि ते आपल्या मुलखाकडे परतले, ही बातमी तेवढ्या संख्येने कोणी वाचली असेल असे वाटत नाही. ते घरी पोहोचले हे वाचून मला आज मनापासून बरे वाटले.

मंगळावरच्या ‘इन्जेन्युइटी’चा शेवट सर्वांत उशिरा झाला. १९ एप्रिल २०२१ रोजी ते १.८ किलो वजनाचे हेलिकॉप्टर तीन मीटर उंच जाऊन ३९ सेकंदांनी खाली उतरले. पाच उड्डाणे झाली तरी उद्देश सफल, असे त्याच्याविषयी ठरले होते. त्याने ७२ उड्डाणे केली आणि १८ जानेवारी २०२४ च्या उड्डाणात पाते मोडल्यावर ते थांबले. पहिले उड्डाण सर्वांना ठाऊक आहे, बहात्तराव्याची बातमी आतल्या पानावर होती. माझ्या मते नवल त्या पहिल्यापेक्षा मधल्या सत्तर उड्डाणांत अधिक आहे.

डॅनिश कलावंत येन्स हानिंग यांच्या प्रकरणाला न्यायालयीन शेवट होता. ऑल्बोर्गच्या ‘कुन्स्टेन’ संग्रहालयाने कलाकृतीत वापरण्यासाठी त्यांना पाच लाखांहून अधिक क्रोनर दिले होते, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी ‘पैसे घ्या आणि पळा’ अशा अर्थाचे नाव देऊन कोरे कॅनव्हास पाठवले. २०२३ मध्ये कोपनहेगनच्या न्यायालयाने त्यांचे मानधन वजा करून बाकी रक्कम परत करायला सांगितले. उंच उडीतल्या जानमार्को तांबेरी आणि मुताझ एसा बर्शिम यांनी २.३७ मीटरवर बरोबरी झाल्यावर सुवर्णपदक वाटून घेतले होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तसाच प्रसंग हॅमिश केर आणि शेल्बी मॅकइवेन यांच्यावर आला तेव्हा त्यांनी पुन्हा उडी मारून निकाल लावायचे ठरवले आणि केर जिंकले. दोन्ही निर्णय मला तितकेच आवडतात.

बातम्या देणाऱ्यांचा यात काही अंशी दोष आहे, कारण सुरुवातीला मथळा मिळतो आणि शेवटाला कोपरा. पण वाचणाऱ्याची जबाबदारीही उरते. मी कोणत्याच गोष्टीच्या मागे जाऊन ‘मग काय झाले’ असे विचारले नव्हते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून आज सापडलेले शेवट नुसते वाचून सोडायचे नाहीत, असे ठरवले आहे. पुढच्या रविवारी हाच कागद न पाहता पुन्हा लिहीन, आणि त्यानंतर २०२२ घेईन. त्या वेळी रकान्यांचा क्रम बदलेन: ‘पुढे काय झाले’ हा पहिला, ‘केव्हा’ हा शेवटचा. टोंगाजवळच्या समुद्रातला ज्वालामुखी त्या वर्षीच्या जानेवारीत फुटला होता आणि बेटांना जगाशी जोडणारी समुद्राखालची तार तुटली होती, एवढे आत्ताच आठवते आहे. ती तार केव्हा आणि कशी जोडली गेली, तेथून सुरुवात करीन.