टोकियोतला गणपती आणि पाल्याचा मुळा

पत्त्यात रस्त्याचं नावच नव्हतं. आधी वस्तीचं नाव, मग तीन आकडे, मधे आडव्या रेघा. टोकियोच्या यानाका भागात एका बोळाच्या तोंडाशी मी बाकरवडीचं पाकीट घेऊन उभी, आणि फोन ठामपणे सांगतोय की पोचलात. समोर तीन घरं. तिन्हींवर एकच नंबर!

घर माझ्या ऑफिसातल्या सेम्पाईच्या आईचं. सेम्पाई म्हणजे खरं तर 'वरिष्ठ', पण मी ते आपल्या 'ताई'सारखंच वापरते. नुसत्या नावाने हाक मारायला जीभ वळत नाही. शेवटी तिलाच फोन केला. मधल्या घरातून ती हसत बाहेर आली, आणि जेवण बाजूला ठेवून तिने मला त्या बोळातच पत्ता वाचायला शिकवलं.

प्रकार असा आहे. इथे नंबर रस्त्याला नसतो, रस्त्यांनी वेढलेल्या चौकोनाला असतो. पहिला आकडा 'चोमे', म्हणजे वस्तीचा तुकडा. दुसरा चौकोनाचा, तिसरा घराचा. १९६२ साली कायदा झाला, तेव्हापासून बहुतेक ठिकाणी घरांचे आकडे चौकोनाला प्रदक्षिणा घालत पडतात. कडेने ठरावीक अंतरावर आकडा बदलतो आणि तुमची वाट ज्या टप्प्यात निघते तो तुमचा आकडा. आतल्या बोळात चार घरं असली तर चौघांचा एकच. मग ओळखायचं दारावरच्या पाटीवरून, आणि पाटी कांजीत, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षरांत. पुण्यात जपानीच्या दोन परीक्षा देऊन आलेय मी, पण आडनावं वाचायची म्हणजे अजून घाम फुटतो. जिथे हा कायदा पोचलेला नाही तिथे जमिनीचे जुने नंबर आहेत.

"अवघड आहे ना? माफ कर," सेम्पाई म्हणाली. म्हटलं, अगं, मी सदाशिव पेठेतली. आमच्याही पत्त्यात आकडा आणि पेठ एवढंच, शेजारच्या वाड्याचा नंबर आमच्या नंबराच्या आसपाससुद्धा नाही, आणि पोस्टमन सोडला तर त्या आकड्याचा कुणाला उपयोग नाही. आम्ही भिकारदास मारुतीपाशी ये म्हणतो, पत्र्या मारुतीवरून डावीकडे वळ म्हणतो. इथे कोपऱ्यावर मारुती नाही, कोन्बिनी आहे. दिवसरात्र उघडं असणारं ते छोटं दुकान. पण तीन कंपन्यांचीच दुकानं सगळीकडे, त्यामुळे 'कोन्बिनीपाशी वळ' म्हणजे दर चौकात तोच मारुती. वाट विचारायची तर कोबानमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत. तिथे भागाचा मोठा नकाशा असतो आणि पोलीस बोट ठेवून दाखवतो. पोलीस चौकीत स्वतःहून पाऊल टाकायला मला दोन महिने लागले, तो भाग वेगळा.

शिंजुकू स्टेशनच्या बाबतीत मात्र मी सेम्पाईचं आधीच ऐकायला हवं होतं. "स्टेशन सांगू नकोस, दार सांग," असं ती म्हणाली होती. त्या स्टेशनाला दोनशेहून जास्त दारं आहेत आणि रोज तीसेक लाख माणसं ये-जा करतात. मी पश्चिमेला, ती पूर्वेला, पाऊण तास. तेव्हा फार राग आला होता. आधी तिचा, मग माझा.

ओकासानकडचं जेवण. ओकासान म्हणजे आई. त्यांनीच मला तसं म्हणायला सांगितलं. मी शाकाहारी म्हणून त्यांनी सकाळपासून कोंबू, म्हणजे समुद्रातलं शेवाळ, भिजत घालून त्याचं पाणी केलं होतं. एरवी जपानी रश्श्यात दाशी असते आणि तिच्यात बहुधा सुक्या मासळीचा कीस. भाजी फक्त भाज्यांचीच असते, पण पाणी माशाचं! एका हॉटेलात मी 'मांस नको, मासा नको' असं नीट सांगितलं, आणि गरम धिरड्यावर तांबूस पापुद्रे वाफेने जिवंत असल्यासारखे हलत आले. ते मासळीचेच. वाढणाऱ्याच्या लेखी तो मासा नव्हताच, वरची चव होती. सेम्पाईने मग मला चिठ्ठी लिहून दिली, त्यात 'दाशीसुद्धा नको' असं ठळक. ती चिठ्ठी पाकिटात ठेवून ठेवून आता घड्यांवर फाटलीय.

चहाच्या वेळी ओकासाननी भिंतीवर गणपतीचा फोटो आहे का विचारलं, म्हणजे माझ्या पुण्याच्या घरात. म्हटलं, एक कसला! तर म्हणाल्या, "मग तुमचा देव आमच्याकडेही आहे, रविवारी जाऊ."

असाकुसाच्या मोठ्या देवळासमोरची गर्दी आम्ही नुसती ओलांडली. सुमिदा नदीच्या दिशेने दहा मिनिटं चाललं की छोट्याशा टेकाडावर मात्सुचियामा शोदेन लागतं. देव कांगितेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर इथवर आलेला विनायक. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, कायम झाकलेली. मी सोंड शोधत होते आणि दिसत होते मुळे. खांबावर, पायऱ्यांपाशी, कंदिलावर, सगळीकडे कोरलेले मुळे आणि पैशाच्या थैल्या. मुळा म्हणजे आरोग्य आणि नवराबायकोत सलोखा, थैली म्हणजे धंद्यात बरकत. नैवेद्यही मुळ्याचाच. तिथेच विकत मिळतो, हातभर लांब, पांढराशुभ्र. लोक तो दोन्ही हातांत बाळासारखा धरून आत नेत होते. मीही नेला. हात जोडले आणि तोंडातून आपसूक 'मोरया' निघालं, जरा मोठ्यानेच. ओकासान मागे वळून बघायला लागल्या.

देवाला वाहिलेले मुळे भक्तांना घरी नेता येतात. मला एक मिळाला. निशिकासाईला घरी येईपर्यंत मेट्रोत तो मांडीवर घेऊन बसले, कुणी ढुंकून पाहिलं नाही.

रात्री आईला व्हिडिओवर दाखवला.

"गणपतीला मुळा?" आई गप्प झाली. मग जवळ येऊन नीट बघून म्हणाली, "पाला कुठाय? पाल्याची भाजी केली असतीस, डाळ घालून."

दुसऱ्या दिवशी मी हे सेम्पाईला गंमत म्हणून सांगितलं. पुढच्या सोमवारी ती गर्दीच्या वेळची लोकल पकडून ऑफिसात आली, तर खांद्यावरच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला मुळा डोकावत होता, चांगला वीतभर हिरव्या पाल्यासकट. ओकासाननी पाठवला होता. सोबत चिठ्ठी: डाळ कोणती घालायची ते तुझ्या आईला विचारून कळव.