तुम्ही विचारलंत म्हणून: नॉर्थ की साउथ?

प्रिन्स्टन जंक्शनच्या आसपास घर शोधणारी मराठी मंडळी फोन करतात. मॉर्गेज, ट्रेनच्या वेळा, इंडियन ग्रोसरी असं सगळं बोलून झालं की खरा प्रश्न येतो, “नॉर्थ चांगली की साउथ?”

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हा न्यू जर्सीतल्या शेजारशेजारच्या दोन गावांचा मिळून एक स्कूल डिस्ट्रिक्ट आहे आणि त्यात सरकारी हायस्कुलं (नववी ते बारावी) दोनच. साउथ ही वेस्ट विंडसरमधली जुनी शाळा, १९७३ पासूनची. नॉर्थ प्लेन्सबरोत १९९७ मध्ये सुरू झाली. प्रवेश घराच्या पत्त्यावरून मिळतो, म्हणून शाळेची चौकशी म्हणजे इथे घराचीच चौकशी असते.

माझं उत्तर दरवेळी ऐकणाऱ्याची थोडी निराशा करतं. डिस्ट्रिक्ट चालवणारा सुपरिंटेंडंट एक, स्कूल बोर्ड एक, शिक्षकांची पगारश्रेणी एक, अभ्यासक्रम जवळजवळ तोच. मग शाळांच्या गुणांत आणि याद्यांत जो फरक दिसतो तो आला कुठून? बराचसा हद्दीतून. कुठल्या रस्त्यावर बंगले आहेत, कुठल्या रस्त्यावर नुकत्याच आलेल्या कुटुंबांची भाड्याची अपार्टमेंट्स आहेत, त्यावरून.

झिलो या घरं शोधायच्या साइटवर घराच्या फोटोंखाली शाळेला दहापैकी गुण दिलेले असतात, ते ग्रेटस्कूल्स या शाळांना गुण देणाऱ्या संस्थेचे. दुसरी लाडकी यादी यूएस न्यूजची. तिच्यात सर्वांत मोठा वाटा, ३० टक्के, ‘कॉलेज रेडिनेस’चा. म्हणजे बारावी संपेपर्यंत किती मुलांनी एपी किंवा आयबीच्या (शाळेतच घ्यायच्या कॉलेजच्या तोडीच्या विषयांच्या) परीक्षा दिल्या आणि किती जण त्यात पास झाले. एपीत पाचपैकी तीन मिळाले की पास. आता आपल्या लोकांत एपीची तयारी कुठे होते हे तुम्हाला माहीत आहे: थोडी वर्गात, थोडी शनिवारच्या क्लासमध्ये आणि उरलेली आईबाबांच्या डायनिंग टेबलवर. गुण मात्र सगळे शाळेच्या नावावर जमा.

शिवाय आकडे लहान आहेत. एका इयत्तेत चारशे मुलं धरली तर एक टक्का म्हणजे चार मुलं. चार मुलांनी एखाद्या वर्षी एपीऐवजी नाटकात लक्ष घातलं, तर यादीत शाळा ‘घसरते’ आणि व्हॉट्सॲपवर चर्चा रंगते.

गणिताच्या आकड्यांत तर वेगळीच गंमत आहे. राज्याची अल्जेब्रा १ ची परीक्षा तो विषय ज्या वर्षी घेतला त्या वर्षी द्यायची असते. हुशार मुलं तो मिडल स्कूलमध्येच उरकतात, म्हणून त्यांचे गुण मिडल स्कूलच्या खात्यात जातात. हायस्कूलच्या रकान्यात उरतात ती नववीत अल्जेब्रा घेणारी मुलं. तो रकाना बघून “इथे गणित कच्चं आहे” म्हणणारे इंजिनिअर मला भेटले आहेत.

आपल्याला या आकड्यांचं एवढं वेड का, तेही मला कळतं. आपण ‘दहावीचा निकाल १०० टक्के’ या फलकाखालून शाळेत गेलेले लोक. तो शंभर टक्के टिकवायला नववीतल्या कच्च्या मुलांना बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावणाऱ्या शाळाही आपण पाहिल्यात. इथल्या सरकारी शाळेला तसं करता येत नाही, हद्दीतल्या प्रत्येक मुलाला घ्यावंच लागतं. इथे चाळणी शाळेच्या दारात नसते, घराच्या किमतीत असते.

या डिस्ट्रिक्टमध्ये खरी काळजीची गोष्ट कमी गुणांची कधी नव्हतीच. २०१५ मध्ये तेव्हाचे सुपरिंटेंडंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. आदल्या शालेय वर्षात मिडल आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक आरोग्य तपासणीची शिफारस करावी लागली होती आणि ४० जणांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं होतं. मग हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठाला सुट्टी मिळाली. यावरून पालकांत उभी फूट पडली आणि आशियाई पालकांपैकी बरेच जण ‘दर्जा खाली आणताय’ म्हणून विरोधात गेले. मी ॲडरहोल्डांच्या बाजूची. अजूनही आहे.

आणखी एक. कॉलेजं अर्ज वाचताना मुलाची तुलना आधी त्याच्याच शाळेतल्या मुलांशी करतात, त्यासाठी प्रत्येक शाळा आपली माहिती अर्जासोबत पाठवते. तेव्हा ‘वरच्या’ शाळेत जाऊन मूल आपोआप वर जात नाही, त्याच्या रांगेतली गर्दी तेवढी वाढते.

तरी आकडेच हवे असतील तर राज्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, दर वर्षी निघतो, फुकट आहे. दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती, ते बघा. हायस्कूल संपल्यावर सोळा महिन्यांनी किती जण कॉलेजात होते, तेही बघा. कॉलेज प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेची सरासरी शेवटी बघितलात तरी चालेल. मग शाळेत फोन करून विचारा, एका काउन्सेलरकडे किती मुलं असतात, नवीन मुलाला ऑर्केस्ट्रात जागा मिळते का, सरावानंतर घरी सोडणारी लेट बस कुठपर्यंत जाते.

आणि हद्दीच्या फक्त या बाजूला आहे म्हणून एखादं घर पन्नास हजार डॉलर्सनी महाग पडत असेल, तर दुसऱ्या बाजूचं घ्या. चार वर्षांनी कॉलेजची फी भरायची आहेच.