तुम्ही विचारलंत म्हणून: ते नव्वद दिवस आले कुठून?

अमेरिकेतल्या लुइझियानामधल्या पॉव्हर्टी पॉइंटचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. शेती न करणाऱ्या, शिकार-मासेमारीवर जगणाऱ्या तिथल्या मूलनिवासींनी तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी रचलेली 'माउंड ए' ही सुमारे २२ मीटर उंच टेकडी नव्वद दिवसांच्या आत उभी राहिली, हे कार्बन-१४ वरून, म्हणजे कोळशासारख्या अवशेषांचं वय काढायच्या पद्धतीवरून कळलं का?

नाही. कार्बनची तारीख मागेपुढे काही दशकं हलते, तिच्यात तीन महिने कुठून दिसणार? शिवाय भरावातला कोळसा माती जिथून खणली तिथला, म्हणजे टेकडीहून जुनाही असू शकतो.

दिवस मोजले ते पावसावरून. इथली माती लोएस, म्हणजे वाऱ्यानं आणलेली पिठासारखी बारीक. उघडी राहिली की एका चांगल्या सरीत तिला ओघळ पडतात आणि उताराच्या पायथ्याशी गाळाचे पातळ पापुद्रे साचतात. जास्त दिवस पडून राहिली तर गवत उगवतं, मुळं-गांडुळं शिरतात, वरचा थर काळपट होतो. लुइझियानात पाऊस बारमाही. तरी भरावात ना ओघळ, ना पापुद्रे, ना काळपट थर.

हे बघायचं तर छेदाची, म्हणजे खणलेल्या चराची उभी भिंत ट्रॉवेलनं तासून फवाऱ्यानं ओलसर करायची. वाळली की सगळी एकाच रंगाची दिसते. ओली असताना टोपलीटोपलीनं ओतलेल्या मातीचे डाग उमटतात: राखाडी, पिवळट, तपकिरी, कडेला निमुळते. फसवतात ती बुजलेली बिळं. पण बीळ गोल असतं आणि दोन-तीन डाग आरपार कापत जातं. शंका उरलीच तर मातीचा ठोकळा राळेत घट्ट करून ०.०३ मिलिमीटरचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. नुसत्या बोअरच्या नळीवर विसंबू नये. चार-पाच सेंटिमीटरच्या नळीतून ओघळ सहज निसटतो.

या टेकडीचा अभ्यास करणारे पुरातत्त्वज्ञ ऑर्टमन आणि किडर यांनी २०१३ मध्ये भराव २,३८,००० घनमीटर धरला. आपल्या हिशेबात ८४,००० ब्रास. नव्वद दिवसांत म्हणजे रोज साधारण ९३० ब्रास, तेही डोक्यावरून किंवा पाठीवरून, कारण ओझ्याची जनावरं नव्हती. त्यांच्या अंदाजानं सुमारे ३,००० माणसं लागली असतील.

'काम मध्ये थांबलं नाही' हे मातीत दिसतं, ते मी ठामपणे सांगेन. नव्वद हा आकडा मात्र पावसाच्या सरासरीवरून बांधलेली वरची मर्यादा आहे. त्या वर्षी पावसानं ओढ दिली असेल, तर आणखी थोडे दिवस द्यायला माझी हरकत नाही.