तिसऱ्या पाळीतला एकटा माणूस : देखरेख बसवतानाचा अनुभव

रासायनिक कारखान्यात तिसऱ्या पाळीला कोण कोण एकटं असतं, हे मस्टरवरून कळत नाही. मस्टरवर पाळीची सगळी माणसं दिसतात. प्रत्यक्षात ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या विभागात) एक, बॉयलरवर एक, मागच्या गेटवर एक आणि नदीकाठच्या जॅकवेलवर (पाणी उपसायच्या विहिरीवर) एक. म्हणून आमच्याकडे एकट्या कामगारांच्या देखरेखीचं काम हाती घेतलं, तेव्हा कोटेशनं मागवण्याआधी मध्यरात्रीनंतर सगळा प्लँट पायी फिरून यादी केली. कसोटी साधी ठेवली : ज्याची हाक कुणाला ऐकू जात नाही आणि जो कुणाच्या नजरेत नाही, तो एकटा. हवा फुंकणारा ब्लोअर गोंगाट करत चालू असेल तर तीस फुटांवरचा माणूसही या कसोटीत बसतो. सुटीच्या दिवशी सॅम्पल लावायला येणारा केमिस्ट, ॲसिडचा टँकर खाली करणारा ड्रायव्हर, ठेकेदाराचा हेल्पर ही नावं अशा यादीतून हमखास गळतात, कारण ती कुणाच्याच पाळीत धरलेली नसतात.

यादी झाली की तिचे दोन भाग करायचे. पहिल्या भागात एकट्याने करायचीच नाहीत अशी कामं : टाकीत, सम्पमध्ये (सांडपाणी साठायच्या खड्ड्यात) किंवा मॅनहोलमध्ये उतरणं, विजेचं चालू पॅनेल उघडणं, उंचीवरचं काम, ॲसिडची लाइन खोलणं. इथे कुठलंही यंत्र माणसाची जागा घेऊ शकत नाही. टाकीत उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोर हवा आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्याने कलम ३६ मध्येच केली होती. ईटीपीच्या सम्पमधला साचलेला गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस एकदम सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाकाला तोही कळेनासा होतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस पुढे वाकतो. म्हणून ईटीपीच्या ऑपरेटरला गॅस डिटेक्टर शर्टाच्या कॉलरजवळ लावायला सांगितलं. हायड्रोजन सल्फाइडचा पहिला अलार्म १० पीपीएमला आणि दुसरा १५ ला, ऑक्सिजनचा १९.५ टक्क्यांच्या खाली. पाळी सुरू होताना टेस्ट गॅस देऊन डिटेक्टर ओरडतो की नाही हे बघायचं आणि लॉगबुकात लिहायचं. पडद्यावर शून्य दिसतं, एवढ्याने सेन्सर जिवंत आहे हे सिद्ध होत नाही.

उरलेल्या कामांसाठी देखरेख. इथे सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे तो माणूस कोसळल्यापासून दुसरा माणूस त्याच्याजवळ पोचेपर्यंतचा वेळ. हा वेळ आधी ठरवायचा आणि मग उलटं मोजत यायचं. बहुतेक ठिकाणी दर तासाला फोन करायची पद्धत असते. फोन झाल्यावर लगेच माणूस पडला तर पुढच्या फोनपर्यंत ६० मिनिटं, ‘बाथरूमला गेला असेल’ म्हणून वाट बघायची १० मिनिटं आणि तिथवर चालत जायची १०. एकूण ८० मिनिटं. पाय मुरगळला असेल तर हे चालून जाईल, पण रक्तस्राव होत असेल किंवा हृदय बंद पडलं असेल तर नाही. त्यामुळे सगळ्यांना एकच अंतर लावण्यात अर्थ नाही. मागच्या गेटवर तासाभराचं चेक-इन, म्हणजे ठरल्या वेळी ‘ठीक आहे’ असा निरोप, पुरलं. बॉयलर आणि ईटीपीवर २० मिनिटांचं चेक-इन आणि त्याच्या जोडीला हालचाल थांबली की वाजणारं उपकरण, असं ठरलं.

हे उपकरण कमरेच्या पट्ट्याला लागतं. त्यात तीन गोष्टी असतात : एसओएस बटण, कलल्याचं ओळखणारा सेन्सर आणि हालचाल नसल्याचं मोजणारा टायमर. आम्ही टायमर ९० सेकंदांवर ठेवला. त्यानंतर ३० सेकंद उपकरण स्वतः थरथरतं आणि वाजतं, ही पूर्वसूचना. तेवढ्यात माणसाने बटण दाबलं तर ठीक, नाहीतर अलार्म कंट्रोल रूमला जातो. कंपनीतून येणारी सेटिंग तशीच ठेवली तर पहिल्याच आठवड्यात लोक वैतागतात. पंपाची ग्लँड (गळती रोखणारा भाग) आवळायला माणूस आडवा होतो, तो कोन उपकरणाला पडल्यासारखाच दिसतो. म्हणून कलण्याची मर्यादा ६० अंश ठेवली आणि तो कोन सलग ३० सेकंद राहिला तरच पूर्वसूचना वाजेल असं केलं. खुर्चीत बसून रीडिंग लिहिणारा माणूस दीड मिनिट जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे केबिनमध्ये टायमर वाढवून द्यावा लागतो. खोट्या अलार्मची संख्या खाली आणल्याशिवाय खऱ्या अलार्मला कुणी उठत नाही.

एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघावी लागते. कमरेला टोचतं म्हणून उपकरण काढून ठेवतात आणि टेबलावर ठेवलं तर ते वाजतं, म्हणून ब्लोअरच्या गार्डला अडकवतात. ब्लोअरच्या कंपनाने सेन्सरचं समाधान होत राहतं आणि कंट्रोल रूमला हिरवा दिवा दिसतो. रात्रभर एकही पूर्वसूचना न आलेलं उपकरण दिसलं की आधी ते कुठे लटकलं आहे ते बघायचं. क्लिप बदलून दिली, हलका पट्टा दिला, की हा प्रश्न रागावण्यापेक्षा लवकर सुटतो.

अशा उपकरणापेक्षा मोबाइल ॲप स्वस्त पडतं, पण त्याला जपावं लागतं. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड फोन मागे चाललेलं ॲप झोपवून टाकतो. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपवरची बंधनं काढावी लागतात आणि सॉफ्टवेअर अपडेटनंतर ती परत लागली नाहीत ना, हेही बघावं लागतं. विकत घेताना पुरवठादाराला एकच प्रश्न ठामपणे विचारायचा : चेक-इनचं घड्याळ फोनवर चालतं की सर्व्हरवर? फोनवर चालत असेल तर बॅटरी संपली, रेंज गेली किंवा फोन पाण्यात पडला की अलार्मही गेला. सर्व्हरवर असेल तर ठरल्या वेळी निरोप आला नाही, हाच अलार्म. पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटच्या भागात साधा फोन चालत नाही, तिथे अशा जागेसाठी पेसोची (स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था) मान्यता असलेलं उपकरणच लागतं. त्याची किंमत बरीच जास्त असते, तरी तिथे तडजोड करायची नाही.

आरसीसी स्लॅबखाली जीपीएस भरकटतो. मजला तर त्याला जवळजवळ कळतच नाही. तीन मजली प्लँटमध्ये ‘माणूस प्लँटमध्येच आहे’ एवढी माहिती असून शोधायला निम्मा वेळ जातो. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ब्लूटूथ बीकन (आपली जागा सांगणारे छोटे ट्रान्समीटर) लावले की मजला समजतो. त्यांच्या बटण-सेलची तारीख मार्करने बाहेरच लिहून ठेवायची. बीकनला पैसे नसतील तर चेक-इन करताना जागेचं नाव सांगायची सवयही कामाला येते.

जॅकवेलचा प्रकार वेगळा. तिथे रेंज धड नाही, म्हणून वॉकीटॉकी. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे सेट २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात, पण ते झाडी आणि चढउतारातून फार लांब पोचत नाहीत. जास्त शक्तीच्या सेटला परवाना काढावा लागतो. शिवाय दिवसा मोटारसायकलवर सहज जाता येणाऱ्या रस्त्यावरचा फरशी पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो. अलार्म वेळेत आला तरी माणूस पोचणार कसा? म्हणून जून ते सप्टेंबर तिथे रात्री दोघं. हा खर्च मंजूर करून घेताना पोचण्याच्या वेळेचा हिशेब कागदावर मांडला, तोच उपयोगी पडला.

आता अलार्म घेणाऱ्याविषयी, कारण बहुतेक योजना इथेच फसतात. कंट्रोल रूमचा अलार्म रात्री सहसा मुख्य गेटवरच्या सिक्युरिटी गार्डकडेच जोडलेला असतो. रात्री तोही एकटाच, आणि गेट सोडायची त्याला परवानगी नाही. म्हणून त्याचं काम फक्त बोलावण्याचं ठेवलं. अलार्म आला की आधी वॉकीटॉकीवर नाव घेऊन हाक, उत्तर नाही तर फोन, दोन मिनिटांत उत्तर नाही तर शिफ्ट इनचार्ज आणि आणखी एक जण निघणार. दोघंच निघायचे, एकटा कधीच नाही, आणि गॅसची जागा असेल तर डिटेक्टर व श्वसनयंत्राशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. टाकीतल्या अपघातात वाचवायला धावलेलाच दुसरा बळी ठरतो. माणूस बेशुद्ध सापडला की १०८, मारहाण किंवा घुसखोरी असेल तर ११२. हे सगळं मराठीत मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून गेटच्या फोनच्या वर चिकटवलं.

माणसांचा विश्वास हा स्वतंत्र विषय आहे. पहिला प्रश्न येतो तो ‘साहेब, आम्ही किती वेळ बसलो ते बघणार का?’ हा. उत्तर लेखी द्यावं लागतं : लोकेशन फक्त पाळीच्या वेळेत, बघणार फक्त कंट्रोल रूम, नोंद ३० दिवसांनी पुसली जाणार, हजेरी किंवा मेमोसाठी वापर नाही. वैयक्तिक माहितीबाबतचा २०२३ चा कायदा आहेच, पण त्याच्याही आधी हा शब्दाचा प्रश्न आहे. या नोंदीवरून एखाद्याला एकदा जरी मेमो गेला, तरी दुसऱ्या दिवशी निम्मी उपकरणं लॉकरमध्ये राहतील.

चाचणी घ्यायची ती अलार्म घेणाऱ्याला न सांगता. ऑपरेटरने सुरक्षित जागी पडून राहायचं आणि पहिला माणूस शेजारी येईपर्यंत घड्याळ लावायचं. तिन्ही पाळ्यांत आणि रविवारी वेगळी चाचणी, कारण रविवारी कुलपाच्या चाव्या वेगळ्या माणसाकडे असतात. वेळ कुठे जातो हे तेव्हा दिसतं : बंद असलेलं मधलं फाटक, बदललेला मोबाइल नंबर, ईटीपीच्या वाटेवरचा गेलेला दिवा. पाळी बदलताना उपकरण चार्जरवरून घेतलं, एसओएस दाबून बघितलं, कंट्रोल रूमने नाव वाचून दाखवलं, या तीन गोष्टींवर दोघांच्या सह्या. ठेकेदार बदलला की नंबरांची यादी त्याच दिवशी नवी.