खेळाचा कसला अभ्यास?

माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी परवा काळजीने विचारलं, "मॅडम, समाजशास्त्र समजलं, पण खेळाचं समाजशास्त्र? खेळ तो खेळ. त्यात अभ्यास कसला?" हे मला नातेवाईकही विचारतात. आता त्या वडिलांनाच सांगते: तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

शंका जुनीच आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग १९१९ साली सुरू झाला. पुढे तिथे जातीचा अभ्यास जोरात झाला, पण खेळाची पाळी फार उशिरा आली. युरोपातही तेच. हाइन्झ रिसं यांचं खेळाच्या समाजशास्त्रावरचं जर्मन पुस्तक १९२१ चं, पण विषयाने खरं मूळ धरलं ते साठच्या दशकात, लेस्टर विद्यापीठात नॉर्बर्ट एलियास आणि एरिक डनिंग फुटबॉलकडे गंभीरपणे बघू लागले तेव्हा. १९६५ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय समिती झाली, पुढच्या वर्षी नियतकालिक.

आणि आपल्या मुंबईत? समाजशास्त्र विभाग सुरू झाला तेव्हाच विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम असे धर्मावर बांधलेले संघ क्रिकेट खेळत होते. अख्खा समाज पांढऱ्या कपड्यांत समोर उभा होता!

पाळवणकर बाळूंचंच बघा. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात साहेबांच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखायचा आणि नेटमध्ये त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करायचा. फलंदाजी मात्र त्याला कधी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाला तो हवा झाला, कारण जिंकायचं होतं. त्याने टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत हातात घ्यायचे, पण चहाची वेळ झाली की त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! जात कुठे सैल पडते आणि कुठे घट्ट राहते, हे इतकं स्वच्छ मला दुसरीकडे क्वचितच दिसलंय. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, १९२३ साली, तेही बऱ्याच भांडणानंतर.

गिरणगावातली कबड्डी हा तर वेगळाच विषय. चांगल्या चढाईवर गिरणीत नोकरी लागायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करत बंद पडल्या, तशी ती वाटही बंद झाली. यावर अजून कितीतरी लिहायला हवं.

तुमच्या मुलीने तिथलाच विषय घेतलाय. रात्रीच्या सरावाला मुलींना घरून कोण सोडायला येतं आणि लग्न ठरलं की संघातून कोण गळतं, हे ती परळच्या एका मंडळात बसून टिपतेय. तिला घरी यायला उशीर होतो तो त्यामुळे. तिला जाऊ द्या. जमलं तर एकदा तुम्हीही सोबत जा. सराव साडेआठला सुरू होतो.